भाजल्यानंतरची दोन वर्षे

अग्नीने होणाऱ्या इजेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. चटका बसतो, पोळते, भाजते, होरपळते. प्रत्येक क्रियापदात वेदनेची एकेक पायरी आहे. सुश्रुतानेही अग्निदग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार केले होते. आजचे वैद्यकही इजेची प्रत प्रथम तिच्या खोलीवरून ठरविते. वरवर भाजले तर कातडी लाल होऊन चुरचुरते. त्याहून खोल गेले की फोड येतात आणि असह्य आग होते. कातडीचे सर्व थर जळाले म्हणजे मात्र तेथील ज्ञानतंतूही नष्ट होतात आणि जखम फारशी दुखत नाही. न दुखणारी जखम हलकी, हा समज म्हणूनच घातक होय.

पातेले कलंडले किंवा पदराने पेट घेतला की घरात धावपळ उडते. कोणी हळद आणतो, कोणी तूप, कोणी शाई, कोणी टूथपेस्ट. यांपैकी कशानेही आतील उष्णता निघत नाही. उलट जखम झाकली जाऊन डॉक्टरांना ती नीट पाहता येत नाही. चुलीवरून उतरविलेल्या भांड्यातही भात काही काळ शिजत राहतो. कातडीचे तसेच आहे. म्हणून पेटलेल्याने न पळता जमिनीवर लोळावे, आणि आग विझताच भाजलेल्या भागावर नळाचे साधे, वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. पहिल्या ३ तासांत केव्हाही केले तरी याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये. त्याने रक्तपुरवठा आखडतो व इजा वाढते. सूज येण्यापूर्वी बांगड्या-अंगठ्या काढाव्या, फोड फोडू नयेत, चिकटलेले कापड ओढू नये. जखम स्वच्छ कापडाने झाकून उरलेले अंग उबदार ठेवावे.

मोठ्या भाजण्यात खरा धोका असतो तो रक्तातील द्रव झिरपून जाण्याचा. भाजलेल्या भागाचे मोजमाप करण्यासाठी वॉलेस यांनी १९५१ साली नऊचा नियम प्रसिद्ध केला: प्रौढाचे डोके ९ टक्के, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धडाची पुढची व मागची बाजू प्रत्येकी १८, आणि उरलेला १ टक्का जननेंद्रियाचा भाग. बॅक्स्टर यांच्या १९६८ च्या सूत्राप्रमाणे ६० किलो वजनाच्या, ३० टक्के भाजलेल्या माणसाला २४ तासांत सुमारे ७२०० मिलिलिटर द्रव शिरेतून लागतो; त्यातला निम्मा पहिल्या ८ तासांत. पुढे लघवीचे प्रमाण पाहून हे माप कमीजास्त करतात. ते ८ तास रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे, तर भाजल्या क्षणापासून मोजतात. यास्तव घड्याळातील ती वेळ ध्यानात ठेवणे हे आप्तांचे पहिले काम.

जखम भरली की घर सुटकेचा निःश्वास टाकते. परंतु वणाची कथा तेथून सुरू होते. जी जखम भरण्यास ३ आठवड्यांहून अधिक लागतात, तेथे वण जाड, लाल व खाजरा होण्याचा संभव फार. तो मऊ व फिका होण्यास एक ते दोन वर्षे जातात, आणि त्या अवधीत तो आकसत राहतो. दुखऱ्या अंगाला जी स्थिती सुखाची वाटते, तीच पुढे बेडीची ठरते. मान भाजलेल्या रुग्णाला उशी हवीशी वाटते. पण त्या उशीनेच हनुवटी छातीला जखडते. म्हणून उशी काढावी लागते, बोटांना व कोपराला पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो, आणि दररोज दुखले तरी सांधे हलवावे लागतात. तेलाचा हलका मर्दाव, उन्हापासून आडोसा, सिलिकॉनची पट्टी, दिवसाचे सुमारे २३ तास घालावयाचे घट्ट कपडे, हे सारे चिकाटीचे उपाय आहेत. इतके करूनही सांधा आखडलाच, तर शस्त्रक्रियेने तो पुष्कळसा मोकळा करता येतो.

खोल व विस्तृत जखमांना तात्पुरते आवरण लागते, आणि ते दुसऱ्या माणसाच्या कातडीचे असू शकते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ यांवरील पातळ थर घेतला जातो. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा ५ वर्षांपर्यंत टिकते. नेत्रदान लोकांच्या अंगवळणी पडले. त्वचादान अद्याप पडावयाचे आहे.

शेवटचा उपचार मात्र रुग्णालयाबाहेरचा आहे. दुसऱ्या महायुद्धात सर आर्चिबाल्ड मॅकइंडो यांनी इंग्लंडातील ईस्ट ग्रिनस्टेड येथे भाजलेल्या वैमानिकांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांना गावात मोकळेपणी हिंडू दिले. गावकऱ्यांनी त्या चेहऱ्यांकडे टक लावून न पाहण्याची सवय लावून घेतली. वण झाकण्यासाठी पदर ओढून घरात बसलेल्या मुलीला आपल्या गल्लीकडून तरी याहून अधिक काय हवे असते?