श्वासाचें माप

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यांत ओतकामाच्या, वेल्डिंगच्या किंवा मोटारी रंगविण्याच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या मनुष्याच्या हातीं एखादे दिवशीं चिठ्ठी पडते: फुप्फुसांची तपासणी. ती पाहून घरांत काळजी शिरते. दोष निघाला तर नोकरीचें काय, या धास्तीनें तो यंत्रांत हातचें राखून फुंकण्याचा संभव असतो. आणि तेथेंच तो आपलें नुकसान करून घेतो.

वस्तुतः ही परीक्षा साधी आहे. श्वास मोजण्याचें यंत्र जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्यानें १८४६ मध्यें जगापुढें मांडलें. दोन हजारांहून अधिक लोकांचा श्वास मोजून त्यानें दाखविलें कीं, श्वासाचें माप उंचीबरोबर वाढतें. म्हणून आजहि आधीं उंची, वय व लिंग यांची नोंद करतात. उंच तरुणाला आणि ठेंगण्या प्रौढाला एकच माप लावणें अन्यायाचें होईल.

परीक्षेच्या वेळीं ताठ बसवून नाकाला चिमटा लावतात आणि स्वच्छ नळी ओठांत घट्ट धरावयास सांगतात. छाती भरेल तितका श्वास घ्यावयाचा आणि लगेच सर्व जोर लावून सोडावयाचा. हवा संपली असें वाटलें तरी कांहीं सेकंद फुंकीतच राहावयाचें. निदान तीन वेळां हें चांगलें जमावें लागतें. पुष्कळदां श्वासनलिका रुंदावणारें औषध श्वासावाटे देऊन कांहीं वेळानें पुन्हा फुंकावयास लावतात. आंकडा बराच सुधारला तर दम्याचा संशय बळावतो. थोडी भोवळ किंवा खोकला येतो, इतकाच त्रास.

त्या दिवशीं कपडे सैल असावे. आधींचे दोन तास भरपेट जेवूं नये. निदान तासभर विडी-सिगारेट ओढूं नये व जड श्रम करूं नयेत. दम्याचा पंप केव्हां थांबवावा, हें डॉक्टरांनाच विचारावें. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याची, छातीची वा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा थुंकींतून रक्त पडत असेल, तर तें प्रथम सांगावें.

कागदावर दोन आंकडे महत्त्वाचे: एकंदर हवा किती निघाली, आणि तिच्यापैकीं पहिल्या सेकंदांत किती. चार लिटरांपैकीं तीन पहिल्याच सेकंदांत निघाले तर वाट बहुधा मोकळी आहे. दोनच निघाले तर ती अरुंद झाली आहे. वाट मोकळी असूनहि एकंदर हवाच कमी भरली, तर फुप्फुस आखडल्याचा संशय येतो. अर्धवट फुंकणाऱ्याची फसगत आतां ध्यानांत येईल. जोर राखल्यानें आंकडा उतरतो. परीक्षा फुकट जाते, नाहीं तर धडधाकट मनुष्य रोगी दिसूं लागतो.

ओतकामाच्या वाळूंतील सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत कायमचे व्रण पाडते. त्यामुळें होणारा सिलिकोसिस १९४८ च्या कारखाना कायद्यानें सरकारला कळविण्याच्या रोगांत घातला. फुप्फुसांची राखीव शक्ति मोठी. धाप लागेपर्यंत बरीच हानि होऊन गेलेली असते. एकट्या फुंकण्यानें रोग ठरत नाहीं, क्ष-किरण चित्रहि लागतें. परंतु वर्षावर्षाचे आंकडे शेजारीं ठेवले कीं उतार दिसतो. यास्तव नोकरीच्या आरंभींचा पहिला कागद मागून घ्यावा आणि घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत जपून ठेवावा. पुढें कधीं दाद मागण्याची वेळ आली, तर मनापासून फुंकलेला तो पहिला श्वासच साक्षीला उभा राहील.