कोहळं वाळवा, पावसाळ्याची भाजी राखा



पावसाळा लागला की आपल्या बस्तीत दोन गोष्टी एकदमच होतात. बांधकामाची रोजी बंद पडते आणि भाजी महाग होते. मग सकाळी चहा-पाव, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री पुन्हा तेच. मोठ्या माणसाचं कसंबसं निभतं, पण दोन-चार वर्षांच्या लेकराचं निभत नाही. जुलाब, सर्दी, ताप याच दिवसांत जास्त, आणि नेमकं याच दिवसांत त्याच्या ताटातून भाजी गेलेली असते.

यावर एक साधा उपाय उन्हाळ्यातच करून ठेवता येतो. तो म्हणजे कोहळं वाळवून ठेवणं. कोहळं म्हणजे आपण विदर्भात म्हणतो ते, लाल भोपळा. कुठे त्याला डांगर म्हणतात, कुठे गंगाफळ, कुठे काशीफळ. पेठ्याचा पांढरा, राखी कोहळा वेगळा.

कोहळंच का?

कोहळ्याच्या गराला केशरी रंग येतो तो बीटा-कॅरोटीनमुळे. आपलं शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं. डोळ्यांची नजर, कातडी, आणि जंतूंशी लढण्याची ताकद यासाठी ते लागतं. गर जितका गडद केशरी, तितकं कॅरोटीन साधारणपणे जास्त. दुधी, ढेमसं, दोडका याही त्याच वेलवर्गातल्या भाज्या आहेत आणि वाळवताही येतात, पण अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत त्या कोहळ्याची बरोबरी करत नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. कोहळ्यात लोह फार नसतं. अंगात रक्त कमी असेल तर कोहळ्यावर भिस्त ठेवू नका. लोहाच्या गोळ्या, हिरव्या पालेभाज्या, डाळी, अंडी, मांस यांची जागा ते घेत नाही.

आता हिशेब. अख्खं, न फुटलेलं, देठासकट पिकलं कोहळं हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज टिकतं. पण एकदा कापलं की फ्रिज नसलेल्या घरात उन्हाळ्यात ते दुसऱ्या दिवशीच बुळबुळीत होतं. म्हणून आपण पाव किलोची फोड घेतो, आणि फोड नेहमी अख्ख्या फळापेक्षा महाग पडते. चार घरांनी मिळून अख्खं कोहळं घ्यावं, एक दिवसाची भाजी करावी आणि उरलेलं वाळवावं. कोहळ्यात सुमारे ९० टक्के पाणीच असतं. ५ किलोच्या फळातून साल-बिया काढून साडेतीन किलोच्या आसपास गर निघतो आणि वाळल्यावर तो ३०० ते ४०० ग्रॅम भरतो. म्हणजे अख्खं कोहळं एका बरणीत मावतं.

हे ज्ञान आपल्या घरातलंच

वाळवण म्हणजे फक्त पापड-कुरडया नव्हेत. आपल्या आज्या-पणज्या मांसाच्या चान्या वाळवत होत्या. किती पातळ कापायचं, दोरीवर कसं टांगायचं, ऊन कधी पुरेसं झालं हे त्या हाताने ओळखत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात आपल्या समाजाच्या या खाण्यापिण्याची नोंद केली आहे. वांग्या-गवारीच्या खुला अजूनही अनेक घरांत होतात. तेच कसब कोहळ्याला लावायचं आहे, फक्त आरोग्याच्या चार गोष्टी सांभाळून.

आधी चव घ्या

ही पायरी कुणीही गाळू नये. कोहळं, दुधी, दोडका, काकडी या वर्गातलं एखादं फळ कडू निघतं. त्या कडूपणामागे कुकर्बिटासिन नावाचं विष असतं. ते शिजवून जात नाही, वाळवून जात नाही, मीठ-साखर घालून तर अजिबात जात नाही. असं फळ किंवा त्याचा रस पोटात गेला तर जोराच्या उलट्या, जुलाब, पोटदुखी होते, कधी रक्ताची उलटी होऊन रक्तदाब खाली जातो. त्यावर वेगळं असं उतारा-औषध नाही.

म्हणून प्रत्येक फळाचा छोटा कच्चा तुकडा जिभेला लावून बघा आणि थुंकून टाका. कडू लागला तर अख्खं फळ फेका. पैसे गेले म्हणून हळहळू नका. चार फळांचे काप एकत्र करण्याआधी चारही फळं वेगवेगळी चाखा, नाहीतर एका कडू फळामुळे सगळी बरणी वाया जाईल.

वाळवण्याची रीत

१. हात, विळी, पाट साबणाने धुवा. कोहळं कापण्याआधी बाहेरून धुवा. साल, बिया आणि आतला तंतूंचा गाभा काढा.

२. बोटभर रुंद पट्ट्या कापा आणि त्यांचे आडवे पातळ काप करा. जाडी साधारण ३ मिलिमीटर. जाड काप वरून कडक होतात आणि आतून ओले राहतात. तिथेच बुरशी धरते.

३. काप वाफवून घ्या. इडलीपात्रात किंवा पातेल्यावर चाळणी ठेवून ३ मिनिटं वाफ द्या. उकळत्या पाण्यात बुडवायचे असतील तर १ मिनिट पुरे. लगेच थंड पाण्यात टाका आणि निथळा. भाजीत स्वतःची काही द्रव्यं असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात. वाफ दिली नाही तर ती वाळल्यावरही काम करत राहतात. रंग उडतो, वास बदलतो, कॅरोटीन कमी होतं. उरलेलं पाणी वरणात वापरा.

४. स्वच्छ सुती कापडावर एकावर एक न येतील असे पसरा. वर्तमानपत्रावर पसरू नका, शाई लागते. पत्र्यावर थेट टाकू नका, गंज आणि रंग लागतो. बाजेवर कापड घालून त्यावर पसरलेलं सगळ्यात बरं, खालूनही हवा लागते. बाज नालीपासून आणि उकिरड्यापासून दूर असावी.

५. वरून पातळ सुती ओढणी झाका आणि कडा दगडाने दाबा. धूळ आणि माशा अडतात. दुसरं म्हणजे कडक ऊन थेट लागलं की कॅरोटीन उडतं. आपल्याला उन्हाची गरमी हवी, थेट प्रकाश नको.

पत्र्याच्या घरात आणखी एक सोय आहे. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली आपण नुसते भाजून निघतो. ती गरमी कामाला लावा. जाड सुती दोरा उकळून घ्या, त्यात काप ओवा, दोन कापांत बोटभर अंतर ठेवा आणि पत्र्याखाली आडवे टांगा. सावली, गरमी, वारा तिन्ही मिळतात. फक्त चुलीचा धूर तिथे नसावा आणि खिडकी-दार उघडं असावं.

६. संध्याकाळी सगळं घरात घ्या आणि झाका. रात्रीची दमट हवा दिवसभराची मेहनत घालवते.

कोरड्या कडक उन्हाळ्यात दोन दिवसांत काप वाळले पाहिजेत. तिसऱ्या दिवशीही मऊ, चिकट असतील, आंबूस वास येत असेल तर फेका. हे काम मार्च ते मे महिन्यातच करायचं. ढगाळ दिवशी सुरू करू नका. कोकण-मुंबईच्या दमट हवेत उन्हावर विसंबून चालत नाही. तिथे ६० अंशांवर चालणारं वाळवणीचं यंत्र बचत गटाला मिळालं तरच हा उद्योग करावा.

वाळलं कसं ओळखायचं?

काप मोडला की कट्कन आवाज आला पाहिजे. वाकला तर वाळला नाही. घरात वजनकाटा असेल तर गर आधी तोला आणि नंतर तोला, साधारण दहावा हिस्सा राहायला हवा.

शेवटी काप मंद आचेवर जाड तव्यात थोडे थोडे घेऊन हलवत गरम करा, रंग काळपट होऊ देऊ नका. किड्यांची अंडी असतील तर मरतात. पूर्ण गार झाल्यावर काचेची बरणी पाऊण भरा आणि आठवडाभर रोज हलवून बघा. काचेला आतून दमटपणा दिसला तर पुन्हा वाळवा. नंतर घट्ट झाकण लावून अंधारात ठेवा. काच नसेल तर स्टीलचा डबा. रंगाचे किंवा औषधाचे जुने डबे कितीही धुतले तरी वापरू नका.

पूड एकदम करू नका, पंधरा दिवसांना लागेल तेवढीच मिक्सरमधून काढा. पूड लवकर ओल धरते. कापसुद्धा चार-पाच महिन्यांत संपवा. बुरशीचा एक ठिपका दिसला तर वरचं काढून खालचं वापरू नका. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही, सगळं फेका.

खायचं कसं?

कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल किंवा तूप लागतं. नुसतं उकडून खाल्लं तर फायदा कमी.

भाजी: काप अर्धा तास गरम पाण्यात भिजवा आणि फोडणी देऊन शिजवा. चण्याच्या डाळीबरोबर चांगली लागते.

गर: पाव वाटी पूड आणि एक वाटी गरम पाणी कालवून वीस मिनिटं ठेवा. साधारण वाटीभर गर तयार. यातून घारगे होतात, कोहळ्याची बोंडंही होतात.

लेकरासाठी: सहा महिन्यांवरच्या बाळाच्या मऊ खिचडीत एक चमचा पूड आणि अर्धा चमचा तेल घाला. पूड पाच-सात मिनिटं उकळलीच पाहिजे, वरून भुरभुरायची नाही.

रोडगे: चार वाट्या जाडसर कणकेला अर्धी वाटी पूड, ओवा, मीठ आणि तेलाचं मोहन. पूड पाणी पिते, म्हणून पाणी थोडं जास्त घाला आणि गोळा वीस मिनिटं झाकून ठेवा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर नेहमीसारखे भाजा, पण अंगणात. बंद खोलीत धूर कोंडू देऊ नका.

नानखटाई: एक वाटी तूप आणि एक वाटी पिठीसाखर फेसा, त्यात पावणेदोन वाट्या कणीक आणि पाव वाटी पूड मळा. कुकरची रिंग आणि शिटी काढा, तळाला मिठाचा थर द्या, दहा मिनिटं तापवा. आत जाळी ठेवून त्यावर ताटली ठेवा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. कोहळ्याची पूड लवकर करपते, आच वाढवू नका. दिवाळीला बस्तीजवळच्या बेकरीत नानखटाई भाजायला नेता, तेव्हा हेच पीठ नेता येईल. हा सणाचा खाऊ आहे, रोजचा नव्हे.

बिया फेकू नका. धुऊन वाळवा आणि भाजून खा. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्ख्या देऊ नका, श्वासनळीत अडकतात. कुटून द्या.

कुणी जपून खावं?

साखरेच्या आजारात कोहळं वर्ज्य नाही, पण वाळलेल्या चमचाभर पुडीत बऱ्याच ओल्या कोहळ्याची साखर असते हे लक्षात ठेवा. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम कमी खायला सांगितलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. रक्तदाब असेल त्या घरात वाळवताना मीठ लावू नका, तशी गरजही नाही.

फार कोहळं खाल्लं की काही मुलांचे तळहात पिवळसर होतात. डोळे पांढरेच असतील तर घाबरू नका, प्रमाण कमी केलं की रंग जातो. डोळेही पिवळे दिसले तर ती कावीळ समजा आणि दवाखाना गाठा.

बरणी म्हणजे औषध नव्हे

संध्याकाळ झाली की मूल ठेचकाळतं, समोरची वाटी सापडत नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसतो, तर ही अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची खूण असते. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. कोहळं खाऊ घालून वाट बघू नका, नजर कायमची जाऊ शकते.

अ जीवनसत्त्वाचा डोसही चुकवू नका. नवव्या महिन्यात गोवरच्या लसीबरोबर पहिला, मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण ९ डोस असतात. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना कार्ड दाखवून विचारा. डोस मोफत आहे, तो आपल्या लेकराचा हक्क आहे.

शेवटी दादांना एक सांगणं. बारा-पंधरा किलो कोहळं बाजारातून आणणं, साल तासणं, बाज उचलणं ही एकट्या बाईची कामं नाहीत. रविवारी वंदनेनंतर विहाराच्या आवारात चार घरांनी मिळून काम केलं तर सकाळच्या तीन तासांत काप पसरून होतात. राखणीला मुलं आहेतच. मार्चच्या पहिल्या रविवारी एकच कोहळं घेऊन बघा. ते नीट वाळलं, आठवडाभर बरणी कोरडी राहिली की मग जास्तीचं घ्या.