सिगारेट सुटली, निकोटिन सुटायचं आहे

एखाद्या तरुणानं सिगारेट सोडून काही आठवडे झालेत. मित्रानं दिलेल्या पेनाएवढ्या व्हेपवर त्यानं दिवस काढले, पण आता त्यात भागत नाही. म्हणून तो 'मॉड' घ्यायचं म्हणतो. मोठी बॅटरी, वॅट कमी-जास्त करायची सोय आणि बदलता येणारी कॉइल असलेलं हे यंत्र. त्यातलं पहिलं कोणतं घ्यावं, हा त्याचा प्रश्न. छत्रपती संभाजीनगरात तो कॅनॉटच्या कट्ट्यावर पडो किंवा वाळूजच्या रात्रपाळीत, प्रश्न प्रामाणिक आहे. सिगारेट सोडणं हे खरोखरच मोठं काम आहे आणि ते केलेल्या माणसाला सरळ उत्तर मिळायला हवं. ते द्यायचं तर आधी हे यंत्र उघडून पाहावं लागेल.

वात, कॉइल आणि ओहमचा नियम

व्हेपची रचना साधी आहे. टाकीतल्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटिन असतं. समईत तेल जसं वातीतून वर चढतं, तसा हा द्रव कापसाच्या वातीतून केशाकर्षणानं कॉइलपर्यंत पोचतो. बटण दाबलं की बॅटरीतली वीज कॉइल तापवते, द्रवाची वाफ होते आणि ती थंड होताना सूक्ष्म थेंबांचा ढग तयार होतो. इथे काहीही जळत नाही. सिगारेटचं टोक झुरका घेताना 900 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं आणि त्या ज्वलनातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायनं निघतात. व्हेपमध्ये हे ज्वलन नाही, हा फरक खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

पण मॉडसारख्या 'ॲडव्हान्स्ड' यंत्रात नेमकं काय वाढतं? शाळेतला ओहमचा नियम इथे कामी येतो. अशा यंत्रात बहुधा 18650 प्रकारचा लिथियम-आयन सेल असतो, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. पूर्ण भरलेला असताना त्याचा दाब 4.2 व्होल्ट असतो. त्याला थेट 1.2 ओहमची कॉइल जोडली, तर साडेतीन अँपिअर प्रवाह वाहतो आणि सुमारे 15 वॅट शक्ती मिळते. कॉइल 0.2 ओहमची केली, की प्रवाह 21 अँपिअरवर जातो आणि शक्ती 88 वॅटवर. एकाच झुरक्यात कितीतरी जास्त द्रव वाफ होऊन फुप्फुसात उतरतो. बाटलीवरचा निकोटिनचा आकडा तोच राहिला, तरी अंगात जाणारा डोस मात्र वाढतो.

या वाढीव प्रवाहाला दोन धोके चिकटलेले आहेत. पहिला कॉइलवरचा. वातीला द्रव पुरेनासा झाला की कॉइल बेसुमार तापते, ग्लायकॉल आणि ग्लिसरीन फुटतात आणि फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन यांसारखी दाहक रसायनं तयार होतात. करपट चव येते ती तेव्हाच. दुसरा धोका सेलचा. बाजारात मिळणारे अनेक 18650 सेल सतत 10 अँपिअरही सोसत नाहीत. त्यांच्यातून वीस-एकवीस अँपिअर ओढले, किंवा खिशात किल्ल्या-नाण्यांमुळे शॉर्ट झाला, तर आतलं तापमान आवरेनासं होतं आणि ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट पेट घेतं. अमेरिकेत 2018 मध्ये फ्लोरिडात आणि 2019 मध्ये टेक्ससमध्ये व्हेप फुटून माणसं दगावली आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो त्या मराठवाड्यात, उन्हात उभ्या गाडीत असा सेल ठेवणं किती जोखमीचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

चुना जे करतो, तेच रसायनशास्त्र

आता निकोटिनकडे वळू. झुरका घेतल्यावर ते 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं, तिथल्या ग्राहींना चिकटतं आणि डोपामिन सुटतं. घेतल्यावर लगेच बरं वाटलं, की मेंदू त्या कृतीची खूणगाठ बांधतो. म्हणूनच व्यसनाच्या बाबतीत निकोटिन किती, याइतकंच ते किती झटपट पोचतं याला महत्त्व आहे. निकोटिनचं च्युइंगम चघळलं तर रक्तातली पातळी अर्ध्या तासात हळूहळू चढते. त्वचेवर लावायच्या पॅचला काही तास लागतात. निकोटिन तेच, पण सवय जडवण्याची त्याची ताकद या संथपणामुळे पार उतरते.

हा वेग आम्लतेवर अवलंबून असतो. निकोटिन हा सौम्य अल्कली आहे. सभोवताली अल्कली असेल, तर ते मोकळ्या रूपात राहून तोंडाच्या अस्तरातून सहज शिरतं. आम्ल असेल, तर विद्युतभारित होऊन बाहेरच अडतं. तळहातावर तंबाखू मळताना नखभर चुना का लावतात, याचं उत्तर इथे आहे. चुना निकोटिनला मोकळं करतो. महाराष्ट्राला हे रसायनशास्त्र नव्यानं शिकवायची गरज नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर 24.4 टक्के तंबाखू खाणारे-लावणारे निघाले.

व्हेपमधल्या 'निकोटिन सॉल्ट'मध्ये याच नियमाचा उलटा वापर होतो. मोकळं निकोटिन घशाला झोंबतं, त्यामुळे माणूस आपोआप हात आखडता घेतो. त्यात बेंझोइक आम्ल मिसळलं की झोंबणं कमी होतं आणि खूप तीव्र द्रवाचेही खोल झुरके घेता येतात. फुप्फुसाचं अस्तर इतकं विस्तीर्ण आणि रक्तानं भरलेलं असतं, की तिथे हे निकोटिन फारसं अडत नाही. घशानं दिलेला इशारा तेवढा बंद होतो.

इंग्लंडमध्ये चालतं, मग इथे का नाही?

हा आक्षेप वाजवी आहे. इंग्लंडच्या धूम्रपानमुक्ती केंद्रांत 886 जणांवर झालेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर ई-सिगारेट दिलेल्या गटातल्या 18 टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, तर पॅच-च्युइंगम दिलेल्या गटातल्या 9.9 टक्के. पण त्याच प्रयोगात पुढचा आकडाही आहे. सिगारेट सुटलेल्यांपैकी पहिल्या गटातले 80 टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. दुसऱ्या गटात च्युइंगम-पॅचवर राहिलेले फक्त 9 टक्के होते. म्हणजे यंत्रानं सिगारेट सोडवली, निकोटिन नाही. शिवाय हा फायदा अजून सिगारेट ओढणाऱ्याचा आहे. ज्याची सिगारेट सुटली आहे, त्याला मोठं यंत्र घेऊन मिळवण्यासारखं काही उरत नाही.

इंग्लंडमध्ये द्रवावर नियमही आहेत. युरोपीय संघाप्रमाणेच तिथेही निकोटिन मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि टाकी दोन मिलिलिटरहून मोठी नसते. भारतात 18 सप्टेंबर 2019 च्या अध्यादेशानं आणि नंतर त्याच वर्षीच्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात बंद झाली. साठवणूक सोडली तर इतर गोष्टींसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे शहरात जी बाटली हातात पडते, ती चोरवाटेनंच आलेली असते. तिच्यावरचा आकडा कोणी तपासलेला नसतो. अशा बाटलीची किंमत अमेरिकेनं मोजली आहे. फेब्रुवारी 2020 पर्यंत तिथे फुप्फुसाच्या गंभीर इजेनं 2,807 जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यांत मृत्यू 68. दोष मुख्यतः गांजाच्या अर्काच्या अनधिकृत द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा निघाला. ओढणाऱ्याला बाटली पाहून ते कळण्याचा काही मार्ग नव्हता.

मग निवडायचं काय?

निवडायचा तो संथ मार्ग. दोन मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. ते साध्या च्युइंगमसारखं सतत चघळायचं नसतं आणि पुष्कळांचं इथेच चुकतं. सावकाश चावा, झणझणीत चव आली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चव ओसरली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी किंवा कोल्ड्रिंक नको, कारण त्यानं तोंड आम्लयुक्त होतं आणि निकोटिन आत शिरत नाही. 'गमनं काही होत नाही' अशी तक्रार करणाऱ्यानं आधी हातातला चहाचा कप पाहावा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीनं मिळणारी व्हॅरेनिक्लिन ही गोळी आणखी वेगळं काम करते. ती निकोटिनच्याच ग्राहींवर बसते, त्यांना थोडंसंच चेतवते आणि निकोटिनला जागा देत नाही. तलफ कमी होते आणि चुकून ओढली तरी मजा येत नाही. हा उपचार साधारण 12 आठवड्यांचा असतो. निकोटिनच्या सवयीनं मेंदूत वाढलेले ग्राही ते थांबल्यावर पूर्ववत व्हायलाही साधारण तेवढाच काळ जातो. तलफेची प्रत्येक लाट काही मिनिटांत ओसरते आणि सर्वांत कठीण असतात ते पहिले काही दिवस.

जो आज व्हेपवर आहे, त्यानं घाबरून पुन्हा सिगारेटकडे वळू नये. मोठं यंत्र मात्र घेऊ नये. थांबण्याची तारीख ठरवावी आणि डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलावं. घाटी रुग्णालय, त्याच्याच आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय किंवा चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, कुठेही तंबाखूमुक्तीच्या सल्ल्याची चौकशी करता येईल. घरबसल्या मदत हवी असेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा 1800-11-2356 हा क्रमांक मोफत आहे आणि तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. यंत्राची किंमत विचारायला फोन उचलण्याआधी एकदा हा नंबर लावा.