आखाती पगार: सांगितलेला, लिहिलेला आणि हातात पडणारा

“दुबईत महिना 50 हजार सहज सुटतात.” रत्नागिरी-रायगडातल्या गावांत आखाताची वाट पिढ्यान्‌पिढ्या मळलेली आहे. तरी तिकडे निघालेल्या तरुणाला आजही पगार सांगितला जातो तो असा. कुठल्या कामाचा, बेसिक किती, ओव्हरटाइम धरून की सोडून, यातलं काहीच त्यात नसतं. एवढ्या भरवशावर घरातलं सोनं गहाण पडतं, म्हणून हा हिशेब नीट उलगडून पाहायला हवा.

दिरहमचा भाव 23 रुपये धरला, तर 50 हजार म्हणजे जवळपास 2,200 दिरहम. संयुक्त अरब अमिरातीत बांधकामावरच्या हेल्परचा पगार साधारण 800 ते 1,200 दिरहमांत असतो. गवंडी, शटरिंग कारपेंटर, स्टील फिक्सर त्याच्या थोडे वर. 2,000 चा टप्पा गाठतो तो अनुभवी वेल्डर, पाइप फिटर किंवा तिथलं लायसन्स हातात असलेला हेवी ड्रायव्हर. तिथली परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या नर्सचा पगार याच्या कितीतरी पुढे असतो. म्हणजे 50 हजार मिळवणारी माणसं आहेत, पण त्यांच्या हातात कसब आणि कागद दोन्ही असतात.

“टॅक्स नाही, म्हणजे सगळा पगार शिल्लक.” पगारावर तिथे आयकर नाही, हे खरं. पण 1,000 दिरहमवाल्या हेल्परला कंपनीने कॅम्पमध्ये जागा दिली आणि जेवण त्याचं त्याने करायचं असेल, तर मेस, फोन, साबण-तेल यांत 400 सहज जातात. उरले 600, म्हणजे 13,800 रुपये. त्याने जाण्यासाठी शेकडा 3 ने दीड लाख उचलले असतील, तर महिन्याला 4,500 नुसतं व्याज. घरी पाठवायला 9,300 राहतात आणि मुद्दल जागच्या जागी. मुंबई-पुण्यात चांगला गवंडी दिवसाला हजाराच्या आसपास मिळवतो, हेही शेजारी ठेवून पाहावं. कसब नसताना, कर्ज काढून हेल्पर म्हणून जाणं हा बहुतेकांसाठी तोट्याचा सौदा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात कमी बोललं जातं ते बेसिकबद्दल, आणि खरा फरक तिथेच पडतो. दोन ऑफर लेटर घ्या, दोन्हींवर एकूण 1,600 दिरहम. एकात बेसिक 800 आणि भत्ते 800. दुसऱ्यात बेसिक 1,400 आणि भत्ते 200. दरमहा पगार सारखाच दिसतो. पण अमिरातीच्या कायद्यात ओव्हरटाइम बेसिकवर मोजतात, तासाच्या दरावर किमान 25 टक्के जादा. महिन्याला 50 तास ओटी केला, तर पहिल्याला सुमारे 208 दिरहम, दुसऱ्याला 365. नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच: पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचा पगार. पाच वर्षांनी पहिला 2,800 दिरहम घेऊन परततो, दुसरा 4,900. घाम तेवढाच, कागदावरची एक ओळ वेगळी.

“आखातात सरकारने किमान पगार ठरवून दिलाय.” याचं उत्तर देशागणिक बदलतं. अमिरातीत परदेशी कामगारांसाठी असा आकडा नाही. सौदीतला 4,000 रियालचा जो आकडा ऐकू येतो, तो सौदी नागरिकांच्या भरतीच्या नियमांतला आहे, आपल्या माणसाला लागू नाही. कतारने मात्र मार्च 2021 पासून सर्व देशांच्या कामगारांना, घरकाम करणाऱ्यांनाही, 1,000 रियाल किमान वेतन लागू केलं. मालकाने राहण्याची सोय केली नाही तर वर 500 आणि जेवण दिलं नाही तर 300. म्हणून “कतारला 1,800 पगार” असं कुणी म्हणालं, की कॅम्प आणि मेस कंपनीची आहे का, हे लगेच विचारावं. असेल, तर कायद्याने हातात 1,000 चीच हमी आहे.

आता जर्मनीची हवा आहे. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून युरोचे आकडे घरोघर पोहोचले. तिथे किमान वेतन कायद्याने आहे, जानेवारी 2026 पासून तासाला 13.90 युरो. पूर्णवेळ कामाचे महिन्याला सुमारे 2,400 होतात. पण ही कपातीआधीची रक्कम. 3,000 च्या पुढे पगार असलेल्या एकट्या माणसाचा साधारण तिसरा हिस्सा कर आणि विम्यांत जातो, नंतर घरभाडं. आपल्या नर्सची पदवी तिथे मान्य होईपर्यंत तिला सहायकाच्या कामावर, कमी पगारात राहावं लागतं. भाषा शिकण्याचे महिनेही खर्चात धरावेत.

“एजंटाला दोन लाख द्यावेच लागतात.” नाही. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला अमिरातीच्या कायद्यानेही मालकाला बंदी आहे. आणि “आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून देतो” असं म्हणणाऱ्यामागे जाऊ नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, आणि पगार बुडाला तर कामगार म्हणून दाद मागायला हातात काही राहत नाही.

दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ईसीआर असतो. आखातासह 18 देशांत नोकरीला जाताना त्यांना सरकारची परवानगी लागते. पुष्कळांना ती कटकट वाटते, पण त्याच वाटेने करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचं 10 लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. हप्ता दोन वर्षांचा 275 रुपये, तीन वर्षांचा 375.

तेव्हा पैसे मोजण्याआधी ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटाचा नोंदणी क्रमांक पाहा, पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. ऑफर लेटरवर बेसिक, ड्युटीचे तास, राहणं, जेवण, परतीचं तिकीट या पाच गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर सही करू नका. अमिरातीचं ऑफर लेटर हिंदीतही मिळतं; ते मागून घ्या, घरी आणा, चार माणसांत वाचा आणि मगच पासपोर्ट हातातून सोडा.