शोकाला सोबत हवी

जवळच्या माणसाचा मृत्यू हा प्रत्येकाच्या आयुष्यात कधी ना कधी येणारा प्रसंग आहे. तो आला की मन सुन्न होते. झाले ते खरे वाटत नाही. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, छातीवर दडपण येते. कधी नशिबाचा, कधी इतरांचा, तर कधी स्वतःचाच राग येतो. ‘वेळीच दवाखान्यात नेले असते तर...’ हा विचार पाठ सोडत नाही. मनाच्या या अवस्थेला शोक म्हणतात. शोक हा आजार नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे. जिथे माया असते, तिथे ती व्यक्ती गेल्यावर शोक असणारच.

एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ विदुषीने १९६९ साली नकार, राग, सौदा, खिन्नता आणि स्वीकार अशा पाच अवस्था सांगितल्या. त्या मुळात मरणासन्न रुग्णांविषयी होत्या. पुढे त्या शोकाकुल माणसांनाही लावल्या जाऊ लागल्या. परंतु शोक पायऱ्या उतरल्यासारखा क्रमाने ओसरत नाही. तो कमी होतो, एखाद्या सणाला वा स्मृतिदिनी पुन्हा उसळतो आणि पुन्हा शांत होतो. प्रत्येकाची रीत निराळी असते. एखादा धाय मोकलून रडतो, तर एखाद्याच्या डोळ्यांत पाणीही येत नाही. न रडणाऱ्याला दुःख नाही, असे समजणे चूक ठरते.

रूढींमागील शहाणपण

आपल्या समाजाने शोकासाठी काही रीती घडवल्या आहेत. मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठले-भाकरी आणून देतात. सोयरे-धायरे भेटायला येतात. दहावा, तेरावा होतो. मुस्लिम कुटुंबांत चाळिसाव्या दिवशी प्रार्थना होते. वर्षाच्या पहिल्या सणाला नातेवाईक मुद्दाम येऊन दुखवटा काढतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी या रीतींमधून तीन गोष्टी साधतात : दुःखी माणूस एकटा पडत नाही, त्याला रडायला व बोलायला मोकळीक मिळते आणि रोजच्या व्यवहाराकडे परतण्याची वाट दाखवली जाते.

मात्र या साऱ्या रीती एका गोष्टीवर उभ्या असतात. शेजारचे घर सुखरूप असावे लागते. ते घरही कोसळले असेल, तर भाकरी कोणी आणावी?

जेव्हा गावच शोकात बुडते

मराठवाड्यापुढे हा प्रश्न १९९३ साली उभा राहिला. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन करून लोक झोपी गेले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीच्या वजनदार माळवदांखाली माणसे गाडली गेली. सरकारी नोंदीनुसार सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी, सास्तूर यांसारख्या गावांत सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. ना कोणाचा दहावा नीट झाला, ना कोणी कोणाकडे भेटायला जाऊ शकले. कारण भेटायला जाणारा आणि ज्याला भेटायचे तो, दोघेही सारखेच उद्ध्वस्त झाले होते.

अशा आकस्मिक आघाताचा शोक अधिक गुंतागुंतीचा असतो. त्यात भीती मिसळलेली असते. जरासा आवाज झाला तरी माणूस दचकतो. तोच प्रसंग स्वप्नात पुन्हा पुन्हा दिसतो. ‘सगळे गेले, मीच का उरलो?’ ही टोचणी लागते. या भागातील अनेक लोक पुढे कित्येक दिवस पक्क्या छताखाली झोपायला धजत नव्हते.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. घरे मजबूत होती. परंतु रुंद रस्त्यांच्या, दूरवर पसरलेल्या या वसाहतींत जुने गल्लीबोळ नव्हते आणि वर्षानुवर्षांचे शेजार विखुरले होते. घर बांधून देता येते; शेजार नव्याने जुळायला काळ जावा लागतो, हे या अनुभवाने दाखवून दिले.

तरीही माणसे सावरली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी पुण्यात घेतली. नळदुर्गला ‘आपलं घर’ हा अनाथ मुलांचा प्रकल्प उभा राहिला. घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. शोकात बुडालेल्या हातांना काम मिळाले आणि कामाच्या निमित्ताने बोलायला माणसे मिळाली. २००१ साली गुजरातमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर भागातील काही स्त्रिया तेथील स्त्रियांना भेटायला गेल्या. भाषा वेगळी होती, पण दुःखाची ओळख पटायला ती आड आली नाही.

मदत केव्हा घ्यावी?

बहुतेकांचा शोक काळाबरोबर आणि आप्तांच्या आधाराने सौम्य होतो. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला तरी तीव्र ओढ व वेदना तशीच राहिली, कामधंदा व घरची जबाबदारी पेलेनाशी झाली, तर ती प्रदीर्घ शोकाची अवस्था असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तिची स्वतंत्र नोंद आहे. व्यसन जडू लागले किंवा जीव द्यावासा वाटू लागला, तर सहा महिने थांबू नये; त्वरित डॉक्टर किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक याचसाठी २०२२ पासून सुरू आहे.

शोकाकुल माणसाला भेटताना मोठे उपदेश करावे लागत नाहीत. ‘जे झाले ते विसर’, ‘तू धीराचा, रडू नकोस’ ही वाक्ये त्याचे तोंड बंद करतात. त्याऐवजी शांतपणे शेजारी बसावे, गेलेल्या माणसाचे नाव निःसंकोच घ्यावे, आठवणी ऐकाव्यात. दळण आणणे, मुलांना शाळेत पोहोचवणे अशी कामे न सांगता उचलावीत. मुलांपासून मृत्यू लपवू नये. त्यांना समजेल अशा शब्दांत खरे सांगावे. तेराव्यानंतर घर रिकामे होते, तेव्हा भेटीची गरज अधिक असते.

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. सावरणे म्हणजे विसरणे नव्हे. गेलेल्यांची आठवण सोबत घेऊन उरलेले आयुष्य जगता येणे, हेच सावरणे होय.

पाठावर आधारित प्रश्न

१. शोकाच्या रूढींमधून कोणत्या तीन गोष्टी साधतात?
२. भूकंपानंतर या रूढी पाळणे अशक्य का झाले?
३. तुमच्या परिसरात शोकाकुल कुटुंबाला शेजारी कशी मदत करतात? आठ-दहा ओळींत लिहा.