मधल्या पट्ट्याचा खर्च कोणाच्या खात्यावर?

आगगाडीचे डबे एकमेकांवर आदळताना बसणारा धक्का सोसण्यासाठी डब्यांच्या टोकांना स्प्रिंगवर बसविलेल्या लोखंडी तबकड्या असतात. त्यांना बफर म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मुत्सद्द्यांनी हा शब्द रेल्वेच्या यार्डातून उचलून राजनीतीत नेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो निसर्गरक्षणाच्या परिभाषेत येऊन स्थिरावला. आज चंद्रपूर जिल्ह्यातील शेतकरीसुद्धा आपले शेत 'बफर'मध्ये येते की 'कोअर'मध्ये, हे विचारताक्षणी सांगतो. या प्रवासात शब्दाचा अर्थ पुष्कळ बदलला. एक गोष्ट मात्र त्याच्याबरोबर जशीच्या तशी राहिली. धक्का दोन डब्यांचा असतो आणि तो सोसायचा असतो मधल्या तबकडीने.

शब्द रूढ होण्यापूर्वी नीती रूढ झाली होती, आणि हिंदुस्थानातील तिचा एक ठळक प्रयोग मराठ्यांच्याच विरोधात झाला. पानिपतच्या आघातातून दहा वर्षांत सावरून मराठी फौजा पुन्हा उत्तरेत उतरल्या. १७७२ च्या आरंभी महादजी शिंद्यांच्या पाठबळाने शाहआलम दिल्लीच्या तख्तावर परत बसला आणि मराठ्यांचे घोडे रोहिलखंडात दिसू लागले. बंगाल नुकताच गिळून बसलेल्या कंपनीला या घोड्यांची धास्ती वाटणे स्वाभाविक होते. बंगाल आणि मराठे यांच्यामध्ये अयोध्येच्या नबाबाचे राज्य पडत होते. ते खालसा करण्याऐवजी उभे ठेवावे आणि त्याच्या आडोशाने बंगाल सुरक्षित राखावा, हा वॉरन हेस्टिंग्जचा हिशेब. १७७३ च्या बनारसच्या तहाने कोरा व अलाहाबाद हे प्रांत कंपनीने नबाबाला ५० लाख रुपयांना विकले. त्याच्या मदतीला जाणाऱ्या कंपनीच्या पलटणींचा खर्च दर ब्रिगेडमागे महिना २ लाख १० हजार रुपये ठरला आणि तो नबाबाने द्यावयाचा होता! म्हणजे भिंत नबाबाची, पहारा कंपनीचा, राखण बंगालची आणि पैसा अयोध्येच्या रयतेचा. ही थकबाकी वाढत वाढत १८०१ साली वेलस्लीने निम्मे राज्य तोडून घेतले. पुढे मराठी सत्ता मावळली, आडोशाचे प्रयोजन उरले नाही, आणि १८५६ मध्ये उरलेले राज्यही खालसा झाले.

याच रीतीने १८९५ साली रशियन व ब्रिटिश साम्राज्यांच्या सीमा एकमेकींना भिडू नयेत म्हणून वाखानची चिंचोळी पट्टी अफगाणिस्तानच्या पदरात टाकण्यात आली, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटन व फ्रान्स यांनी सयामच्या मध्यभागाला हात न लावण्याचा करार केला. त्या पट्ट्यांत राहणाऱ्यांना कोणी काही विचारल्याची नोंद नाही.

विसाव्या शतकात या नीतीने नवे रूप घेतले. मधले राज्य जाऊन मधला पट्टा आला. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे कोरियन युद्धाची शस्त्रसंधी झाली तेव्हा दोन्ही सैन्यांनी ताबारेषेपासून दोन-दोन किलोमीटर मागे हटावे असे ठरले. सुमारे २५० किलोमीटर लांबीचा आणि ४ किलोमीटर रुंदीचा हा निर्लष्करी पट्टा आजही आहे, कारण त्या शस्त्रसंधीचे रूपांतर शांतता-तहात अद्याप झालेले नाही. या पट्ट्यात आरंभीच्या महिन्यांत पाऊल ठेवणाऱ्यांत भारतीय जवान होते, ही गोष्ट आता विस्मरणात गेली आहे. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडविण्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे होते, आणि या कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरातांकडे होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला. तेव्हा त्यांना जहाजांवरून उचलून हेलिकॉप्टरने थेट या पट्ट्यात उतरवावे लागले. १९५४ च्या आरंभी काम आटोपून दल परतले तेव्हा कोणत्याही कोरियात वा चीनमध्ये जाण्यास राजी नसलेले ८८ कैदी त्याच्याबरोबर भारतात आले. दोन बाजूंच्या मध्ये सापडलेल्या माणसाला तिसराच देश गाठावा लागतो, याचा तो एक दाखला ठरला.

पुढे या पट्ट्याची कीर्ती वेगळ्याच कारणाने पसरली. माणूस हटला, रान वाढले, आणि जगात दुर्मिळ झालेले लाल मुकुटाचे क्रौंच तेथे हिवाळ्यात उतरू लागले. सुरुंगांनी भरलेल्या भूमीत निसर्गाने नंदनवन फुलविले, अशी वर्णने मग मोठ्या हौसेने लिहिली गेली. माणसाला हुसकावून लावले की निसर्ग आपोआप बहरतो, हा त्यांतून काढलेला निष्कर्ष आहे आणि तो तपासून घ्यावयास हवा. चेओरवोनच्या मैदानात येणारे हे क्रौंच खातात काय? भाताच्या कापणीनंतर खाचरांत सांडून राहिलेले दाणे. ही खाचरे निर्लष्करी पट्ट्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या नियंत्रित प्रदेशात आहेत. तेथे शेतकरी लष्करी चौकीवर ओळखपत्र दाखवून सकाळी शेतात जातात आणि संध्याकाळी परततात. क्रौंचांना निवारा मिळाला तो बंदुकांच्या धाकाने. त्यांचे पोट मात्र भरते ते शेतकऱ्याच्या नांगरावर. या दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख कौतुकाच्या लेखनात क्वचितच येतो.

खुद्द पट्ट्याच्या आत दक्षिणेचे देसोंग-दोंग नावाचे एक खेडे आहे. वस्ती दोनशेच्या आत. तेथील रहिवाशांना कर माफ आहे, सक्तीची लष्करी सेवा माफ आहे, आणि कसावयास मिळणारी जमीन सामान्य कोरियन शेतकऱ्याच्या मानाने बरीच मोठी आहे. मोबदल्यात रात्रीची संचारबंदी आणि वर्षातील ठरावीक रात्री गावातच काढण्याची अट. जमिनीची मालकी मात्र त्यांची नाही. समोर उत्तरेचे किजोंग-दोंग हे दुसरे खेडे दिसते. तेथे माणसांपेक्षा इमारतींचे देखावेच अधिक, असे दक्षिणेकडून पाहणारे सांगतात. या दोन खेड्यांनी पूर्वी ध्वजस्तंभांच्या उंचीची चढाओढही केली. दक्षिणेचा स्तंभ सुमारे १०० मीटर, उत्तरेचा १६०. देखाव्यासाठी बांधलेले गाव आणि सवलती देऊन टिकविलेले गाव यांत फरक आहेच. पण सरकारला सीमेच्या पट्ट्यात माणूस हवा असला तर त्याची किंमत मोजावी लागते, एवढे दक्षिणेने तरी मान्य केले.

कोरियाहून परतलेल्या थिमय्यांना पुढे लष्करप्रमुखपद मिळाले, आणि निवृत्तीनंतर १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दलाचे सेनापती म्हणून ते सायप्रसला गेले. १९६५ च्या डिसेंबरात त्याच पदावर असताना त्यांचे तेथे निधन झाले. ते ज्या रेषेच्या रक्षणासाठी गेले होते ती १९६३ च्या डिसेंबरात निकोसिया शहरात ग्रीक व तुर्की वस्त्यांमधून आखली गेली होती. एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने नकाशावर हिरवी पेन्सिल ओढली म्हणून ती 'हिरवी रेषा' झाली. १९७४ च्या तुर्की आक्रमणानंतर ती बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. हा पट्टा १८० किलोमीटर लांब आहे. निकोसियाच्या जुन्या गल्ल्यांत त्याची रुंदी जेमतेम काही हात, तर खेड्यांच्या बाजूला ७ किलोमीटरपर्यंत. शहराचा विमानतळ त्याच्यात अडकला आणि ओस पडला. १९७४ साली सोडून दिलेले एक विमान अजून तेथे गंजत उभे आहे.

याच पट्ट्यात पिला नावाचे गाव आहे. १९७४ नंतर ग्रीक दक्षिणेस आणि तुर्क उत्तरेस अशी बेटाची वाटणी झाली, पण पिलामध्ये दोन्ही समाज आपापल्या घरांतच राहिले. मराठी कानांना ओळखीचा वाटणारा 'मुखत्यार' हा शब्द तेथे गावच्या पाटलासाठी आहे, आणि पिलामध्ये असे दोन मुखत्यार आहेत, एक ग्रीक व एक तुर्क. कॉफीची दुकानेही वेगवेगळी. आदर्श सहजीवनाचे चित्र रंगवावे असे येथे काही नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेकडून या गावापर्यंत रस्ता आणण्यावरून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांना मारहाण झाली होती. तरीही पट्ट्यात परवाना घेऊन शेती चालते, मेंढरे चरतात, आणि ओसाड पडलेल्या वरीशा गावाच्या परिसरात मुफ्लॉन ही बेटावरची रानमेंढी निर्धास्त फिरते. बंदोबस्त कडक आहे. परंतु पट्टा म्हणजे माणूस नसलेली जागा, असे तेथील संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी मानले नाही. कोणते काम कोठपर्यंत चालेल, हे ते ठरवीत आले.

राजकीय पट्ट्याचा हेतू दोन शस्त्रधाऱ्यांना दूर ठेवण्याचा असतो. मधली जागा जितकी निर्मनुष्य तितके सेनापतीला बरे, हे तेथे समजण्यासारखे आहे. निसर्गरक्षणातील पट्ट्याचा हेतू याच्या नेमका उलटा आहे. १९७१ साली युनेस्कोने 'मानव आणि जीवावरण' हा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यातून गाभा, त्याभोवतीचा बफर व त्यापलीकडचा संक्रमणपट्टा अशी रचना पुढे आली. गाभा वन्यजीवांचा, बफर मात्र माणसाचा आणि वन्यजीवांचा मिळून. तेथे माणूस असणे हे गृहीतच आहे. आपल्या कायद्यानेही तेच म्हटले आहे. २००६ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन व्याघ्र प्रकल्पांना कोअर व बफर अशी विभागणी लागू झाली. बफरमध्ये स्थानिक लोकांच्या उपजीविकेच्या, विकासाच्या, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांची दखल घेऊन सहजीवन साधावे आणि बफरच्या सीमा शास्त्रीय निकषांवर, संबंधित ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवाव्यात, असे ती दुरुस्ती सांगते. इतकी उदार भाषा आपल्या वनकायद्यांत एरवी फारशी आढळत नाही.

अडचण भाषेत नाही, सवयीत आहे. नकाशा घेऊन बसणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात अजून सेनापतीचाच पट्टा असतो. ताडोबाचे उदाहरण घ्यावे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य, पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर; २०१० साली जाहीर झालेला बफर सुमारे १,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे गाभ्याच्या पावणेदोनपट. वाघ वाढले, ही या प्रकल्पाची खरी कामगिरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु आईपासून सुटलेला दोन वर्षांचा नर वाघ नवा मुलूख शोधीत निघतो तो बफरकडेच. तेथे भाताची शेते आहेत, गुरे आहेत, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणाऱ्या आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्या बाया-माणसे आहेत. जमिनीकडे वाकून पाने खुडणारा माणूस वाघाला चतुष्पादासारखा दिसतो, असे वनरक्षक सांगतात. वाघाच्या वाढीचा आनंद पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत छापला जातो. पंचनाम्याची वाट बफरमधल्या घरी पाहिली जाते.

या खात्यात जमेची बाजूही आहे. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंजा अशा बफरच्या दारांतून पर्यटक येऊ लागले. गावचे तरुण मार्गदर्शक झाले, जिप्सी चालवू लागले. ग्राम परिस्थितिकीय विकास समित्यांच्या मार्फत काही पैसा गावांत पोहोचतो. २०१५ पासून राज्य सरकारच्या जन-वन विकास योजनेतून स्वयंपाकाचा गॅस व शेतांना कुंपण यांसाठी मदत मिळू लागली. गॅस आल्याने सरपणासाठी रानात जाणे कमी होते, आणि हा लाभ कोणत्याही भाषणापेक्षा मोठा आहे. मात्र पर्यटनातला मोठा वाटा रिसॉर्टवाल्याकडे जातो, आणि तो बहुधा बाहेरचा असतो. गावकऱ्याच्या वाट्याला पगार येतो.

सल्ला न घेता आखलेल्या रेषेचे काय होते हे केरळात दिसले. ३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक संरक्षित वनाभोवती किमान एक किलोमीटरचा संवेदनशील पट्टा असावा असा आदेश दिला. वनालगतच्या डोंगराळ गावांनी हरताळ पाळले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाला आदेश सौम्य करावा लागला. न्यायालयाचा हेतू चुकीचा नव्हता. पण दिल्लीच्या निकालातला एक किलोमीटर आणि वायनाडच्या घरामागचा एक किलोमीटर यांची मोजणी सारखी नसते. पश्चिम घाटाबाबत गाडगीळ समितीने २०११ साली पट्ट्यांची आखणी ग्रामसभांना विचारूनच व्हावी असे सुचविले होते. कोकणात त्या अहवालाविषयीची भीती आधी पोहोचली आणि मराठी तर्जुमा मागाहून.

ग्रामसभेला विचारणे म्हणजे काय, हे कुंपणाच्या साध्या प्रश्नावरून ध्यानात येते. एका शेतकऱ्याने अनुदानातून सौरकुंपण घातले की रानडुकरे व रोही त्याच्या शेताला वळसा घालून शेजारच्या शेतात शिरतात, आणि तो शेजारी बहुधा अधिक गरीब, अनुदानातला आपला हिस्सा भरू न शकणारा असतो. कुंपण एकेकट्या शेताला घालावयाचे की शिवाराच्या कडेने सर्वांनी मिळून, गुरांना पाण्यावर नेण्याची वाट कोठे ठेवायची, वाघाचा ठसा दिसला तर तेंदूची तोडणी किती दिवस थांबवायची आणि त्या दिवसांची मजुरी कोणी द्यायची, या गोष्टी जिल्ह्याच्या ठिकाणी बसून ठरत नाहीत. त्या ठरविण्यासाठी सभा भरावी लागते. मे महिन्यात गाव पहाटेपासून तेंदूवर असते आणि पावसाळ्यात रोवणीवर. सभेची नोटीस रोवणी आटोपल्यावर, भात कापणीला येण्याच्या आधी काढली तर बायकाही सभेला येऊ शकतील.