माणसं वाढली, घर वाढलं का?

पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाने आधी आले, घरं मागून. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्याच दशकात बजाज, टेल्को यांनी इथे पाय रोवले. सातारा, सोलापूर, नगर, मराठवाडा, खानदेशातून पोरं कामाला आली. मोठ्या कंपनीत लागलेल्यांपैकी काहींना कंपनीची वसाहत मिळाली. पण लहान वर्कशॉपमधल्या कामगारासाठी चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या गावठाणातली भाड्याची खोलीच होती. लग्न झालं, मुलं झाली, गावाकडून आई-वडील आले, तरी खोली तेवढीच. गेल्या पन्नास वर्षांत सरकारने घरासाठी ज्या योजना आणल्या, त्यांचा हिशेब त्या खोलीपासून मांडायला हवा. कुणाला घर मिळालं, हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते घर कुटुंबाला किती वर्षं पुरलं, हेही महत्त्वाचं.

पहिलं मोठं पाऊल १९७२ चं. कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. निगडी, आकुर्डी, चिंचवडच्या बाजूला पेठा आखल्या गेल्या आणि ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड दिले गेले. या योजनेची खरी ताकद जमिनीत होती. हातात पैसे असतील तेवढं आधी बांधायचं. बोनस, फंड, सोसायटीचं कर्ज जमलं की वरचा मजला चढवायचा. खाली आई-वडील, वर थोरला, त्याच्यावर धाकटा, अशी कित्येक घरं प्राधिकरणात आजही दिसतात. कुटुंब वाढेल तसं घर वाढवण्याची सोय या योजनेत आपोआप होती.

याला दुसरी बाजूही आहे. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. शिवाय भूखंड मोजके आणि माणसं अफाट. ज्यांना भूखंड मिळाला नाही, त्यांनी चिखली, तळवडे, थेरगावात गुंठा-अर्धा गुंठा घेऊन बांधलं. त्यांच्या घराला भिंती होत्या, पण कागद नव्हता. आणि कागद नाही म्हणून बँकेचं कर्जही नाही. राज्याने २००१ मध्ये अशी घरं नियमित करण्यासाठी गुंठेवारीचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवली. प्राधिकरणही २०२१ मध्येच पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) विलीन झालं.

दरम्यान कारखान्यांचा पट्टा चाकणपर्यंत पसरला होता. २००९ च्या आसपास मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन, महिंद्र यांचे कारखाने तिथे सुरू झाले. मोशी, चिखली, रावेत, म्हाळुंगे इथे इमारती चढू लागल्या. भूखंडाचा काळ सरला आणि फ्लॅटच्या कार्पेट क्षेत्रफळाचा आला. फ्लॅट एकदा घेतला की एक वीतही वाढत नाही. त्यामुळे पहिल्याच खरेदीत मोठं घर घेता येणं ही गरज झाली.

२५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने या गरजेला हात घातला. वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल, तर ६ लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज अनुदान, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे २ लाख ६७ हजार रुपये. २०१७ पासून मध्यम उत्पन्न गटही आत आला. १२ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना ९ लाखांवर चार टक्के, १८ लाखांपर्यंत असणाऱ्यांना १२ लाखांवर तीन टक्के. रक्कम थेट मुद्दलातून वजा होत असल्याने हप्ता उतरायचा. मध्यम गटासाठी कार्पेटची मर्यादा सुरुवातीला ९० आणि ११० चौरस मीटर होती. ती आधी १२० आणि १५०, मग २०१८ मध्ये १६० आणि २०० झाली. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला लागणारं घर त्या मर्यादेत आरामात बसत होतं.

पण अट एक होती आणि ती कडक होती: पती, पत्नी, अविवाहित मुलं यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. पोटाला चिमटा काढून ज्याने आधीच वन आरके घेतला, तो याच अटीने बाहेर पडला. त्याच खोलीत सहा माणसं राहतात, हे अर्जात विचारलंच जात नव्हतं. मोठं घर घेण्याची वाट उरली ती मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने. कमावत्या सज्ञान व्यक्तीला, तिच्या स्वतःच्या नावावर पक्कं घर नसेल तर, वेगळं कुटुंब मानण्याची तरतूद २०१७ मध्ये झाली. वडिलांची जुनी खोली आणि मुलाचं अनुदानित कर्ज यांची सांगड ज्यांना घालता आली, त्यांना टू बीएचके गाठता आला. ही तरतूद ज्यांना वेळेत कळली नाही, त्यांची संधी गेली.

याच योजनेतून महापालिकेने चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी, रावेत इथे घरकुल प्रकल्प हाती घेतले. १ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यातल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते महापालिकेची १२८० हून अधिक घरं लाभार्थ्यांना दिली गेली. भाड्याच्या खोलीतून निघालेल्या कुटुंबाला या घराने मान दिला, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. पण आर्थिक दुर्बल गटाचं घर म्हणजे ३० चौरस मीटर, जेमतेम सव्वातीनशे चौरस फूट. माणसं दोन असोत वा सात, माप तेच. भोसरीजवळच्या पेठ क्रमांक १२ मधल्या प्रकल्पात अल्प उत्पन्न गटासाठी टू बीएचके बांधले गेले, हा सुखद अपवाद.

मोठ्या घरासाठी आडून मदत करणाऱ्या सवलतीही होत्या. १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घरावरचा जीएसटी एक टक्क्यावर आला. महानगरांच्या यादीत पुणे परिसर नसल्याने इथे ही सवलत ६० ऐवजी ९० चौरस मीटरपर्यंत लागू झाली, मात्र किंमत ४५ लाखांच्या आत हवी. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये राज्याने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं. एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावाने खरेदी केल्यास एक टक्का सूट मिळू लागली. भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी पैसे काढता येत होतेच. या पट्ट्यात सुरुवातीच्या रकमेचा मोठा आधार तोच.

मध्यम गटाचं व्याज अनुदान मार्च २०२१ मध्ये थांबलं, अल्प उत्पन्न गटाचं मार्च २०२२ मध्ये. सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा आला. उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर चार टक्के, आणि एकूण १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत. कार्पेट १२० चौरस मीटरपर्यंत चालतं. पण कारखान्याजवळ, रस्त्या-पाण्याच्या सोयीत एवढं मोठं घर ३५ लाखांत शोधू गेलं की मर्यादा लगेच आडवी येते. पक्क्या घराची अटही कायम आहे.

पन्नास वर्षांच्या या वाटचालीत उत्पन्न मोजलं गेलं, कार्पेट मोजलं गेलं, घरातली माणसं मात्र कुणी मोजली नाहीत. लहान घर विकून मोठ्यात जाणाऱ्या कुटुंबालाही अनुदान मिळायला हवं. त्याने सोडलेलं घर दुसऱ्या गरजूला मिळेल, म्हणजे एका अनुदानात दोन कुटुंबांचं भलं होईल. घरकुल प्रकल्पांतल्या घरांचं मापही कुटुंबाच्या आकाराशी जोडायला हवं. आणि ज्यांना आज घर घ्यायचं आहे, त्यांनी पहिल्या खोलीवर कुणाचं नाव लावायचं हे घरात बसून, पुढच्या वीस वर्षांचा विचार करून ठरवावं. आजच्या नियमांत मोठ्या घराची वाट त्या एका नावावर अडते किंवा मोकळी होते.